पाखाडीवरची बॅटरी: डब्यावरचे लुमेन आणि खरा उजेड, घरच्या घरी कसं मोजायचं?

बेड्यापाशी
नमस्कार मंडळी. घर गुहागर तालुक्यात. पडवीपासून विहिरीपर्यंत चिऱ्याची पाखाडी आहे, साधारण साठ पावलं, दोन्ही बाजूंना गडगा आणि मध्ये दोन वळणं. बाबा पहाटे साडेचारला आगरात पाणी लावायला उतरतात. वय ७१. गेल्या महिन्यात तिसऱ्या पायरीवर फुरसं वेटोळं घालून बसलं होतं. बाबांना वेळेवर दिसलं म्हणून निभावलं. त्या दिवसापासून बॅटरीचा विषय माझ्या डोक्यातून जात नाही.

घरात दोन बॅटऱ्या आहेत. एक मी बाजारातून आणली, पुढचं तोंड ओढलं की झोत बारीक होतो. डब्यावर लिहिलंय ३००० लुमेन, आठ तास. दुसरी भावाने पाठवलेली, बोटाएवढी, डब्यावर ३०० लुमेन. पडवीतून मारली तर मोठीचा झोत थेट शेजारच्या माडाच्या शेंड्यावर जातो, नारळ मोजता येतात. छोटीचा उजेड तिथवर पोचल्यासारखासुद्धा वाटत नाही. तरी बाबा रोज छोटीच उचलतात. म्हणतात, "मोठीने पाय दिसत नाहीत."

दहापट लुमेन असताना पाय कसे दिसत नाहीत? हे लुमेन घरी मोजायची काही सोय आहे का? बाबांसाठी नवीन घ्यायची तर आकडा बघून घ्यायची की आणखी काही बघायचं?

खाजणातला
शीर्षकात 'एलईडी' नाही हे बरं केलंत. आमच्याकडे एलईडी म्हटलं की पहिली आठवते ती समुद्रातली एलईडी मासेमारी, आणि मग धागा शंभर प्रतिसादांवर जातो.

सुरंगी
बाबांचं बरोबर आहे हो. माझ्या सासऱ्यांचीही हीच तक्रार. लांबचं लख्ख दिसतं आणि पायाखाली काळोख.

निवृत्त_मास्तर
बेड्यापाशी, तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकाच मापाने मोजताय. लुमेन म्हणजे बॅटरीतून बाहेर पडणारा एकूण उजेड, सगळ्या दिशांचा मिळून. कँडेला म्हणजे एका दिशेला तो किती दाटलाय ते. आणि लक्स म्हणजे एखाद्या जागेवर प्रत्यक्ष किती उजेड पडला: एक चौरस मीटरवर एक लुमेन पडला की एक लक्स.

विहिरीच्या पंपाला पाइप लावून बघा. पाणी तेवढंच येतंय, पण पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की धार लांब जाते आणि बुंध्याशी कोरडं राहतं. तुमच्या मोठ्या बॅटरीचं भिंग तो अंगठा आहे. माडाचा शेंडा दिसतो तो कँडेलामुळे. पाखाडी दिसायला पसरलेला उजेड लागतो.

'एफएल १' नावाचं बॅटऱ्यांसाठीचं अमेरिकन मानक आहे, पहिल्यांदा २००९ साली आलं. त्यात झोताचं अंतर म्हणजे जिथे उजेड ०.२५ लक्सपर्यंत उतरतो ती जागा. ०.२५ लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेचं चांदणं. तेव्हा डब्यावर '२०० मीटर' असेल तर २०० मीटरवर चांदण्याइतका उजेड पडेल, वाचता येईल असा नव्हे. अंतर काढायचं तर कँडेलाचं वर्गमूळ घ्या आणि दुप्पट करा.

डोंगरवाट
मास्तर, पंपाचं उदाहरण एकदम पटलं. अजून एक: त्याच मानकात लुमेन मोजायचे ते बॅटरी लावल्यावर किमान ३० सेकंदांनी, आणि उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर आला की चालण्याचा वेळ संपला असं धरतात. म्हणजे 'आठ तास'मधले शेवटचे पाच तास ती मिणमिणत असू शकते, आणि तरी आकडा खोटा ठरत नाही.

कोलथरेचा_वारा
३००० लुमेन आणि आठ तास? एकाच सेलवर? हिशेब करून बघू. आत १८६५० सेल असणार, म्हणजे १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. चांगला सेल ३००० मिलिअँपिअर-तासांचा धरा, साडेतीन हजारांच्या आसपास कमाल. सरासरी ३.६ व्होल्टने होतात १०.८ वॅट-तास. बॅटरीत एका वॅटला १०० लुमेन मिळाले तरी चांगले म्हणायचे. म्हणजे त्या सेलमध्ये सगळे मिळून हजारभर लुमेन-तास आहेत. ३००० लुमेनने वापरलेत तर २० मिनिटं. आठ तास चालवलीत तर सरासरी १३५ लुमेन. दोन्ही एकदम त्या सेलमधून निघूच शकत नाही. आणि सेलवर ९९०० छापलं असेल तर सेलही तसलाच.

बेड्यापाशी
@कोलथरेचा_वारा, आत्ता उघडून पाहिलं. सेलवर ९८०० लिहिलंय. 😐

मालवणी_मेवा
आमच्या आज्यान तीन सेलाची बॅटरी घेतलेली, पितळेची, ती अजून पेटता. तां लुमेन नि फिमेन सोडा. फुरशाक लुमेन काय कळतले?

सुरंगी
@मालवणी_मेवा 😂 फुरशाक नाय कळणा, पण आमका फुरसां दिसाक होया ना!

घाटमाथा
मोजायचंच असेल तर फोनमध्ये लक्समीटरचं ॲप टाका, पांढऱ्या छताकडे बॅटरी मारा आणि फोन टेबलावर ठेवून आकडा वाचा. छतावरून उजेड खोलीभर पसरतो, त्यामुळे झोत बारीक की रुंद याचा फरक फारसा राहत नाही. ज्याचा आकडा जास्त त्याचे लुमेन जास्त.

बेड्यापाशी
दादा, आमचं घर कौलारू. छत म्हणजे वासे, रिपा आणि धुराने काळी झालेली कौलं.

डोंगरवाट
फोनच्या सेन्सरवर माझा अजिबात विश्वास नाही. तो स्क्रीनचा उजेड कमीजास्त करायला दिलेला असतो. माझे दोन फोन एकाच ठिकाणी ४१० आणि ६३० दाखवतात. आयफोनमध्ये तर ॲपला तो सेन्सर वाचताच येत नाही, ती ॲप कॅमेऱ्यावरून अंदाज बांधतात. अशा आकड्यावरून काय ठरवणार?

घाटमाथा
@डोंगरवाट, खरा आकडा मिळणार नाही हे मान्य. पण एकच फोन, एकच जागा आणि एकच कोन ठेवला तर दोन बॅटऱ्यांतली तुलना होते. जुना तराजू पाव किलोने खोटा असला तरी दोन पापलेटांतलं मोठं कुठलं ते सांगतो की नाही?

डोंगरवाट
तराजू हललाच नाही तर नाही सांगत. बऱ्याच फोनचा सेन्सर एका मर्यादेच्या वर अडकतो. तेव्हा जवळून मारू नका, एवढं तरी लिहा.

खाजणातला
छत नसेल तर माशांची थर्माकोलची पेटी घ्या. बर्फ घालून मासळी पाठवतात ती. आतून पांढरी, बाहेरून पांढरी. प्रयोगशाळेत आतून पांढरा असा मोठा पोकळ गोल असतो, त्यात उजेड इकडून तिकडे आपटून सगळीकडे सारखा होतो. आपली पेटी हा त्याचा गरीब भाऊ. मी मित्राच्या जेट्टीवरून आणली आणि हे करून पाहिलंय.

एका टोकाला बॅटरीच्या तोंडाएवढं भोक पाडा. वरच्या झाकणाला, दुसऱ्या टोकाकडे, फोनच्या सेन्सरसाठी छोटं भोक. मध्ये थर्माकोलची एक फळी उभी करा, म्हणजे बॅटरीचा उजेड सरळ सेन्सरवर न जाता भिंतींवर आपटून जाईल. मग फोन उपडा ठेवायचा, कानाकडची बाजू भोकावर. फोन उपडा म्हटल्यावर आकडा दिसत नाही, म्हणून आलेख ठेवणारं ॲप घ्या आणि नंतर बघा. स्क्रीनचा उजेड सगळ्यात कमी ठेवा, नाहीतर तोच मोजला जातो. आणि पेटी आधी लिंबू लावून धुवा. मी धुतली नव्हती, फोनला आठवडाभर बांगड्याचा वास.

आता मुख्य गोष्ट. जिच्या लुमेनवर तुमचा विश्वास आहे अशी एक बॅटरी आधी पेटीत मारा. ३०० लुमेनला ४६० आकडा आला तर बाकी सगळ्यांना त्याच प्रमाणाने गुणा.

निवृत्त_मास्तर
खाजणातला, फळी विसरला नाहीत याचा मला फार आनंद झाला. बहुतेक लोक तिथेच चुकतात.

कँडेलासाठी मात्र पेटी चालायची नाही, तिथे लक्स सरळ मोजावा लागतो. अंधारात पाच मीटरवर फोन ठेवा, झोताचा सगळ्यात तेजस्वी भाग सेन्सरवर आणा, आणि आकड्याला २५ ने गुणा. अंतराचा वर्ग. एक मीटरवर मोजू नका, भिंगाचा झोत तिथे अजून पुरता बांधलेला नसतो आणि उत्तर चुकतं.

फोनवर विश्वास नसलेल्या डोंगरवाट यांच्यासाठी एक जुनी पद्धत सांगतो, शाळेत मी ती वर्षानुवर्षं करून घेतली. पांढऱ्या कागदावर मधोमध तेलाचा एक थेंब. डागातून उजेड आरपार जातो, कोऱ्या भागातून कमी जातो. कागद उभा धरा, एका बाजूला एक दिवा, दुसऱ्या बाजूला दुसरा. ज्या बाजूचा उजेड कमी असेल त्या बाजूने डाग उजळ दिसतो, दुसऱ्या बाजूने काळा. एक दिवा पुढेमागे करत जा. एका जागी डाग जवळजवळ नाहीसा होतो. तिथे दोन्ही बाजूंचा उजेड सारखा. मग दोन्ही अंतरं मोजा आणि त्यांच्या गुणोत्तराचा वर्ग करा. जर्मन शास्त्रज्ञ बुन्सेनने एकोणिसाव्या शतकात वापरलेली युक्ती आहे. त्याच्याकडे खोबरेल नसावं, आपल्याकडे आहे.

बेड्यापाशी
मास्तर, हे मी आज रात्रीच करणार.

वेळासची_वाळू
थोडं विषयांतर, पण बॅटऱ्यांचा धागा आहे म्हणून लिहिते. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये किनाऱ्यावर कासवाची पिल्लं बघायला येणाऱ्यांनी पांढरी बॅटरी आणूच नये. पिल्लं वाळूतून वर येतात आणि उजळ क्षितिजाकडे धावतात. रात्री ते क्षितिज समुद्राचं असतं. मागून कोणी हजार लुमेन मारले तर पिल्लू उलटं वळतं. आमच्याकडे सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेच्या कामातून लोक हे शिकले. अगदी गरज पडली तर मंद लाल उजेड, तोही जमिनीकडे.

घाटमाथा
@वेळासची_वाळू धन्यवाद. हे माहीत नव्हतं. मार्चमध्ये येतोय, बॅटरी गाडीतच राहील.

रायगडवाली
फुरशाचा विषय निघाला म्हणून विंचवाचाही काढते. आमच्या महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केला, त्याआधी बरीच माणसं दगावायची. माझा भाऊ चिरे रचायचं काम करतो. तो अतिनील बॅटरी घेऊन ढिगावर मारतो, विंचू हिरवट चमकतो, अगदी रेडियमच्या घड्याळासारखा. मग हात घालतो.

निवृत्त_मास्तर
रायगडवाली, तुमच्या भावाची ही बॅटरी या धाग्यासाठी फार मोलाची आहे. तिचे लुमेन जवळजवळ शून्य भरतील! लुमेन हे माप माणसाच्या डोळ्याच्या संवेदनेवर बेतलेलं आहे. डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्याला सगळ्यात तल्लख, अतिनीलला जवळपास आंधळा. ती ३६५ नॅनोमीटरची असेल तर उत्तम. ३९५ ची स्वस्त मिळते, पण तिचा जांभळा उजेडच इतका दिसतो की विंचवाची चमक त्यात बुडते. आणि तिच्या तोंडाकडे बघू नका. डोळ्याला दिसत नाही, पण डोळ्याला लागतं.

डोंगरवाट
पावसातलं कोणी बोलेल का? जुलैमध्ये कुठलीही बॅटरी लावली की समोर पांढरी भिंत. पिवळसर उजेडाची घ्यावी, ती धुक्यातून आरपार जाते म्हणतात.

निवृत्त_मास्तर
आरपार जात नाही. धुक्याचे थेंब उजेडाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असतात, त्यामुळे ते सगळ्या रंगांना जवळपास सारखंच उधळतात. भिंत दिसते कारण बॅटरी डोळ्याजवळ असते आणि थेंबांवरून उलटलेला उजेड सरळ डोळ्यात येतो. बॅटरी कमरेखाली धरा, निम्मा त्रास तिथेच जाईल. डोक्याला बांधायची बॅटरी पावसात सगळ्यात वाईट.

डोंगरवाट
मास्तर, तरीही मला पिवळसरच बरी वाटते. जांभ्याच्या लाल वाटेवर पांढऱ्याफटक उजेडात सगळं एकरंगी राखाडी होतं. पाचोळा, काटकी आणि फुरसं सारखंच.

निवृत्त_मास्तर
हे मात्र मान्य. त्याचं कारण रंगांची नीट ओळख, धुकं नव्हे. ४००० ते ५००० केल्विनची (केल्विन म्हणजे उजेडाच्या छटेचं माप) आणि रंग खरे दाखवणारी एलईडी घेतली तर लुमेन थोडे कमी भरतात, पण तपकिरी आणि लाल वेगळे दिसतात. फुरशासाठी मी लुमेन सोडेन आणि रंग घेईन.

कोलथरेचा_वारा
निसर्ग चक्रीवादळ आलं ३ जून २०२० ला. आमच्याकडे वीज यायला कित्येक आठवडे लागले. माझी सगळ्यात तेजस्वी बॅटरी पहिल्या रात्रीच संपली, चार्ज कुठे करणार? शेवटपर्यंत टिकली ती साध्या पेन्सिल सेलवरची, सगळ्यात मंद टप्प्यावर ठेवलेली. आई त्या उजेडात भात वाढायची. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, पण एकदा सरावले की दहा लुमेनसुद्धा पुष्कळ होतात. म्हणून बाबांच्या बॅटरीला मंद टप्पा आहे ना, एवढं बघाच.

बेड्यापाशी
मंडळी, दोन रात्री मोजमाप केलं. आईने थर्माकोलची पेटी घरात घेऊ दिली नाही, म्हणून सगळं पडवीत.

पेटीत छोटी (डब्यावर ३००): सुरुवातीला ४६०, दहा मिनिटांनी ४००. तिचा आकडा खरा धरला. मोठी (डब्यावर ३०००): सुरुवातीला ४१०, दहा मिनिटांनी १९०. म्हणजे तिचे लुमेन साधारण २६७, आणि दहा मिनिटांत उरले १२४. आठ मिनिटांनी तिचं अंग हातात धरवेना.

पाच मीटरवर मोठीचा झोत बारीक करून ३४० लक्स, म्हणजे ८५०० कँडेला, अंतर १८४ मीटर. छोटी ९६ लक्स, २४०० कँडेला, ९८ मीटर. म्हणजे लांब मारण्यात मोठी साडेतीनपट, आणि एकूण उजेडात छोटीपेक्षा कमी! हे आकडे वहीत लिहिताना बाबा शेजारी बसून होते. काही बोलले नाहीत.

मग मास्तरांचा खोबरेलाचा डाग. वहीचा कागद दोरीला चिमट्याने लावला, एका टोकाला ओट्यावर मी मोठी धरून, दुसऱ्या टोकाला स्टुलावर छोटी. कागदापाशी बाबा उभे, ते सांगायचे पुढे ये, मागे जा. पहिल्यांदा डाग काळा रुपया लावल्यासारखा दिसत होता. मी मागे सरकत गेलो तसा तो फिका होत गेला, आणि एका ठिकाणी बाबा म्हणाले, "गेला!" मी पुढे जाऊन पाहिलं. अगदी गेला नव्हता, मोठीचा उजेड निळसर आणि छोटीचा पिवळसर असल्याने कडेला एक रेघ राहिली होती. अंतरं भरली मोठीची ७.३ मीटर आणि छोटीची ४ मीटर. वर्ग केला, ३.३ पट. फोन म्हणाला होता ३.५. डोंगरवाट, तुमच्यासाठी दोनदा केलं.

डोंगरवाट
आता मी फोनवर थोडा विश्वास ठेवतो. थोडाच.

खाजणातला
दहा मिनिटांत निम्म्याहून खाली! तेच विचारणार होतो. बाबांनी मोठी नेली असती तर विहिरीवरून परत येताना हातात फोनच्या फ्लॅशसारखा उजेड उरला असता.

सुरंगी
दुप्पट लुमेन म्हणजे दुप्पट उजेड दिसत नाही ना? माझ्या डोळ्यांना ३०० आणि ६०० मध्ये फारसा फरक वाटत नाही.

निवृत्त_मास्तर
बरोबर, सुरंगी. दुप्पट वाटायला साधारण चौपट लागतात. ३०० वरून ४०० वर जायला कोणी जास्त पैसे मागत असेल तर देऊ नका. ते पैसे पाण्यापासूनच्या बचावाला द्या. आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तगणारी. आगरात तेवढं लागतं.

खाजणातला
आणि खाऱ्या हवेत आतली स्प्रिंग व आटे हिरवे पडतात, मग उजेड आपोआप कमी होतो आणि आपण सेलला दोष देतो. दर दोन महिन्यांनी सुक्या फडक्याने पुसून आट्यांना सिलिकॉन ग्रीसचं बोट. ज्यांची बॅटरी 'जुनी झाली' त्यांनी आधी हे करावं आणि पेटीत पुन्हा मोजावं.

बेड्यापाशी
सगळ्यांचे आभार. बाबांसाठी पिवळसर उजेडाची, रुंद झोताची, मंद टप्पा असलेली, पेन्सिल सेलवर चालणारी मागवली. लुमेन फक्त २५०. मोठी टाकली नाही. ती पडवीत खुंटीला लावलीय. रानडुकरं आगरात उतरली की आई तिथूनच लांबवर झोत मारते, त्या कामाला ती पक्की आहे. काल बाबांनी शेजारच्या काकांना पेटी दाखवली. आता ते त्यांची पितळी तीन सेलवाली घेऊन येणार आहेत.

मालवणी_मेवा
पितळी? तिचो आकडो हय घाला हां. माझ्या आज्याच्या बॅटरीक कोणीतरी साथीदार मिळालो.

रायगडवाली
@बेड्यापाशी, डागासाठी कागद कुठला घेतलात? माझा थेंब पसरून अख्खं पान तेलकट झालं.

बेड्यापाशी
ताई, चित्रकलेच्या वहीचा जाड कागद. काडेपेटीच्या काडीचं टोक खोबरेलात बुडवून एकच ठिपका टेकवायचा, आणि पाच मिनिटं सपाट ठेवून मग दोरीला लावायचा. ठिपका पावलीएवढा झाला की पुरे.